कोठीतला मासा, गोदावरीचं पाणी

हैदराबाद समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच, पठारावर वसलेलं शहर. इथल्या कोठी भागातून निघून समुद्राचं तोंड पाहायचं तर रात्रभर गाडीत बसावं लागतं. तरीही कोठीत राहणाऱ्याला समुद्राची दखल घ्यावी लागते, कारण बेगम बाजारचं मच्छी मार्केट पायी जाण्याच्या अंतरावर आहे. पुतलीबावलीवरून उस्मानगंजातल्या हातगाड्या चुकवत तिथं पोचलं की आधी दिसतात ते रोहू, कटला आणि पाण्यात वळवळणारे कोरमीनु, म्हणजे मरळ. हे सगळे गोड्या पाण्यातले. पुढे बर्फाच्या पेट्यांमध्ये समुद्राचा माल असतो: वंजरम म्हणजे आपली सुरमई, चंदुवा म्हणजे पापलेट, कोळंबी, आणि चांदीच्या अंगाचा, फुगीर पाठीचा पंडुगप्पा. रायगडचा माणूस त्याला लगेच ओळखेल. हा जिताडा. विकणारा दखनीत सांगतो, "दर्या का है, तालाब का नै." सांगण्यामागे भावाचा हिशेब असतो, कारण हल्ली आंध्रात हा मासा तळ्यांतही वाढवतात आणि दर्याचा म्हटला की दर चढतो.

पण "दर्या का" हे अर्धंच खरं. जिताडा जितका दर्याचा तितकाच खाडीचा आणि नदीचा. आंध्रच्या किनाऱ्यावरच्या काकिनाड्याहून कोठीपर्यंत बर्फात झालेला त्याचा प्रवास त्याच्या आयुष्यातला दुसरा मोठा प्रवास. पहिला त्यानं केला तेव्हा तो दीड मिलिमीटरचा होता, आणि त्या प्रवासात त्याच्या बरोबरच्या लाखांपैकी बहुतेक मेले.

जिताड्याची मादी नदीच्या मुखाजवळ, जिथं पाणी पुरेसं खारट असतं तिथं अंडी घालते. वेळ साधारण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची, संध्याकाळची, भरती चढू लागतानाची. (या माशाचं आणखी एक विशेष म्हणजे तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. त्यामुळे मोठे, वजनदार जिताडे बहुतेक माद्याच असतात, आणि बाजारात सर्वांत आधी उचलले जातात तेही तेच.) एका मादीची अंडी लाखांत मोजतात. अंडं मिलिमीटरपेक्षाही लहान, आत तेलाचा एक थेंब. त्या थेंबामुळे ते तरंगतं. उबदार पाण्यात दिवस उलटायच्या आत त्यातून पिल्लू निघतं. भिंगाखाली पाहिलं तर त्याला मासा म्हणवत नाही: काचेसारखं पारदर्शक अंग, पोटाला बलकाची पिशवी, डोळ्यांत अजून रंग नाही, आणि तोंड उघडलेलंच नाही. दोनतीन दिवस ते शिदोरीवर जगतं. मग तोंड उघडतं, आणि त्या क्षणी समोर खाण्याजोगे सूक्ष्म जीव असले तर ते वाचतं, नसले तर संपतं.

माशांचं पीक एका वर्षी अमाप आणि दुसऱ्या वर्षी नगण्य का येतं, हा प्रश्न नॉर्वेच्या योहान हियोर्ट यांना पडला होता. 1914 साली त्यांनी दिलेली उत्तरं आजही या विषयाचा पाया आहेत. एक कारण हे, तोंड उघडण्याच्या दिवसांतली उपासमार. दुसरं कारण प्रवाह. पिल्लं पाण्याबरोबर अशा ठिकाणी वाहून जातात जिथून परतीची वाट नसते. म्हणजे समुद्रात मोठे मासे किती आहेत एवढ्यावरच पुढच्या वर्षांतली पकड ठरत नाही. ती बऱ्याच अंशी पिल्लांच्या पहिल्या काही आठवड्यांत ठरून गेलेली असते.

आता हे प्रवाह म्हणजे काय, ते आपल्याच किनाऱ्यावर पाहू. भारताच्या पूर्व किनाऱ्याला लागून एक प्रवाह वाहतो आणि तो वर्षातून दोनदा दिशा बदलतो. फेब्रुवारीपासून तो उत्तरेकडे, बंगालच्या दिशेनं जातो आणि मार्च-एप्रिलमध्ये सर्वांत जोरात असतो. पावसाळ्यात तो विस्कळीत होतो. ऑक्टोबरपासून उलटतो आणि नोव्हेंबरमध्ये तामिळनाडूच्या दिशेनं दौडतो. जगात इतरत्र किनाऱ्यालगतचे बहुतेक मोठे प्रवाह बारमाही एकाच दिशेचे असतात. आपले मोसमी वाऱ्यांबरोबर उलटतात. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 आणि 90च्या दशकांत जहाजांवरून मोजमापं घेऊन या प्रवाहांचं चित्र उभं केलं. आज पाठ्यपुस्तकांत जे छापलं जातं त्यातलं बरंचसं त्या गोव्यातल्या कामाचं फळ आहे.

जोरात असताना या प्रवाहाचा वेग सेकंदाला अर्धा ते एक मीटर असतो. ऐकायला कमी वाटतो, माणूस त्याहून भरभर चालतो. पण प्रवाह रात्री झोपत नाही. सेकंदाला एक मीटर म्हणजे दिवसाला 86 किलोमीटर. काकिनाड्यासमोर जन्मलेलं पिल्लू या धारेत सापडलं आणि निमूट वाहत राहिलं, तर आठवडाभरात ते ओडिशासमोर पोचलेलं असेल. तेव्हा "प्रवाह पिल्लांना किनाऱ्यावर पोचवतात" हे वाक्य मला नेहमीच जरा भाबडं वाटतं. प्रवाहाला पोचवायचं काहीच पडलेलं नसतं. किनाऱ्याच्या अगदी जवळ, उथळ पाण्यात तो मंद असतो. कुठे भोवरे तयार होऊन पाणी काही दिवस एकाच जागी घुटमळतं. पिल्लांचं नशीब अशा मंद जागांवर असतं. बहुतेक मासे विणीची जागा आणि हंगाम वाटेल तसा निवडत नाहीत, त्याचं हेच कारण. चुकीच्या जागी अंडी घालणाऱ्यांचा वंश पुढे आलाच नाही.

वाऱ्याचाही हात यात आहे, आणि तो सरळ नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वरचं पाणी वाऱ्याच्या दिशेनं न जाता त्याच्या उजवीकडे सरकतं. स्वीडनच्या एकमान यांनी 1905 साली हे गणितानं दाखवलं. नैऋत्य मोसमी वारा आंध्र किनाऱ्याला समांतर, किनारा डावीकडे ठेवून वाहतो. म्हणून वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्राकडे ढकललं जातं. वरच्या थरातली पिल्लं त्याच्याबरोबर जातात. ईशान्य वारा सुरू झाला की किनारा उजवीकडे येतो आणि वरचं पाणी किनाऱ्याकडे दाटतं. त्याच पिल्लाला ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुकटचा धक्का किनाऱ्याच्या दिशेनं मिळतो. जून-जुलैत किनारा गाठायचा तर त्याला खालच्या थरात उतरावं लागतं, कारण वरून गेलेल्या पाण्याची जागा घ्यायला खालचं पाणी किनाऱ्याकडे येत असतं. पोहण्याची ताकद नसलेल्या जिवाला वर-खाली होणं मात्र जमतं. आडवं अंतर कापणं त्याच्या आवाक्याबाहेरचं, पण दहावीस मीटर खाली जाऊन वेगळ्या दिशेचं पाणी पकडणं शक्य. सगळी युक्ती यातच आहे.

थोडं विषयांतर करतो, कारण राहवत नाही. गोदावरी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम 80 किलोमीटर. तरी नदी त्याच्याकडे पाठ फिरवून 1465 किलोमीटर पूर्वेला जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. हिवाळ्यात पूर्व किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेला वळला की उपसागरातलं कमी खारट पाणी, ज्यात गंगा-ब्रह्मपुत्रेबरोबर गोदावरीचाही वाटा असतो, श्रीलंकेला वळसा घालून केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याशी येतं. तिथला प्रवाह त्या दिवसांत उत्तरेकडे वाहत असतो. नाशिकचं पाणी जवळची वाट टाळून अख्ख्या द्वीपकल्पाला प्रदक्षिणा घालत अरबी समुद्रात उतरतं, म्हणायचं.

पिल्लू किनाऱ्याजवळ आलं, आता खरी अडचण. खाडीचं तोंड दिसतंय, पण आत शिरायचं कसं? नदी बाहेर वाहते. भरती आत नेते हे खरं, पण सहा तासांनी ओहोटी तितकंच बाहेर काढते. नुसतं तरंगत राहिलं तर दिवसाकाठी हाती शून्य. कोठीच्या बसस्टँडवर माणूस जसं करतो तसं पिल्लू करतं: आपल्या दिशेची गाडी आली की चढायचं, उलट्या दिशेची आली की खाली उभं राहायचं. भरती सुरू झाली की ते तळापासून वर येतं आणि पाण्याबरोबर आत जातं. ओहोटी लागली की तळाशी चिखलाला चिकटून बसतं, जिथं पाणी जवळपास स्थिर असतं. पुढच्या भरतीला पुन्हा वर. असं टप्प्याटप्प्यानं, न पोहता, ते कित्येक किलोमीटर आत जातं.

पण भरती आहे की ओहोटी, हे डोळ्यांना काही दिसत नाही अशा गढूळ पाण्यात त्याला कसं कळतं? 1960च्या दशकात फ्लोरिडात ह्यूज नावाच्या संशोधकानं कोळंबीच्या पिल्लांवर प्रयोग केले. पाण्याचा खारटपणा वाढवला की पिल्लं सक्रिय होऊन वर पोहू लागत; खारटपणा थोडा कमी केला की तळाशी जात. भरतीबरोबर समुद्राचं खारं पाणी येतं, ओहोटीबरोबर नदीचं फिकं पाणी. पिल्लांना घड्याळ लागत नाही, चव पुरते. गंमत पुढे आहे. हीच कोळंबी खाडीत काही महिने वाढली की तिची वागणूक उलटते. आता खारटपणा कमी झाला की ती प्रवाहाबरोबर वाहू लागते, म्हणजे ओहोटीबरोबर बाहेर, समुद्राकडे. तीच खूण, अर्थ विरुद्ध.

कोळंबीचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो. आंध्रची वाघ कोळंबी समुद्रात अंडी घालते, बारा-पंधरा तासांनी त्यातून निघालेला जीव कोळंबीसारखा मुळीच दिसत नाही. तीन अवस्थांतून आणि त्यांच्या पोटअवस्थांतून, कात टाकत टाकत, साधारण दोन आठवड्यांनी तो कोळंबीचा आकार घेतो आणि मग खाडीचं दार शोधतो. 1980-90च्या दशकांत कोळंबीची तळी वाढली तेव्हा गोदावरीच्या खाड्यांमध्ये बारीक जाळी घेऊन माणसं याच दारात उभी राहत. हजारातली मोजकी वाघ कोळंबीची पिल्लं वेचायची, बाकीची माशांची आणि खेकड्यांची पिल्लं काठावर फेकून द्यायची. पुढे बीज हॅचरीत मिळू लागलं, 2009 नंतर तर परदेशी व्हॅनामी कोळंबीच आली, आणि ते वेचणं कमी झालं.

भरतीच्या जोडीला आणखी एक वाट आहे. नदीचं गोडं पाणी हलकं, म्हणून ते वरून बाहेर वाहतं. समुद्राचं खारं पाणी जड, ते तळाशी आत घुसतं. एकाच खाडीत एकावर एक दोन उलटे प्रवाह. तळाजवळ राहणाऱ्या पिल्लाला हा खालचा प्रवाह आत ओढतो. आणि इथंच ती गोष्ट येते जी मला या लेखात सांगायची आहे: हा खालचा प्रवाह नदीवर चालतो. वरून गोडं पाणी बाहेर पडतं म्हणून खालून खारं आत येतं. नदी आटली तर हे चक्र थंडावतं आणि खाडी म्हणजे समुद्राचा एक खारट फाटा उरतो. उलट ऐन पुरात नदी इतकी जोरात असते की खारं पाणी पार बाहेर फेकलं जातं. तेव्हा आत शिरणं अशक्य. शेट्ये यांच्याच गटानं मांडवीवर अभ्यास करून दाखवलं की आपल्या खाड्या युरोप-अमेरिकेतल्या खाड्यांसारख्या वर्षभर एका तऱ्हेनं वागत नाहीत: पावसाळ्यात धुऊन निघतात आणि पूर ओसरला की मीठ हळूहळू आत सरकत जातं. पिल्लांसाठी मोलाचे असतात ते हे ओसरते दिवस, नदी अजून वाहतेय आणि समुद्राला आत यायला वावही आहे, असे.

आत काय आहे म्हणून एवढी धडपड? गोदावरीच्या गौतमी शाखेला कोरिंगा आणि गाडेरू हे फाटे फुटतात आणि त्यांच्या भोवती कोरिंगाचं कांदळवन पसरलंय. 1978 पासून ते अभयारण्य आहे, क्षेत्र सुमारे 235 चौरस किलोमीटर. काकिनाड्याच्या बाजूनं होप आयलंड नावाची वाळूची लांबलचक पट्टी त्याला समुद्राच्या लाटांपासून आडोसा देते. ही पट्टी गोदावरीनंच आणलेल्या वाळूची आहे. लाटांनी आणि किनाऱ्यालगतच्या प्रवाहांनी ती वाळू उत्तरेकडे वाहून नेत गेल्या दोनेकशे वर्षांत लांबवली. तिच्या आड काकिनाड्याचा उपसागर शांत आणि उथळ राहतो. तिवरांची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, चौरस मीटरला शेकड्यांनी. भरतीला ती बुडतात आणि त्यांच्यामध्ये मोठ्या माशाला फिरणं अवघड जातं. पिल्लाला हवं ते हेच. मोठा शिकारी सहसा आत येत नाही, गढूळ पाण्यात दुरून दिसत नाही, आणि झडलेल्या पानांवर वाढणारे जिवाणू, त्यांच्यावर जगणारे सूक्ष्म जीव, असं खाणं हाताशी. जिताड्याचं पिल्लू इथं सेंटिमीटरभराचं होतं, मग त्यातली काही नदीत वर गोड्या पाण्यापर्यंत जातात आणि दोनतीन वर्षांनी वीण घालायला परत मुखाशी येतात.

अमुक मासा अमुक खाडीत वाढला हे कळतं कसं, हे विचारणं रास्त आहे. दोन कामांसाठी माशाच्या डोक्यातला एक खडा उपयोगी पडतो. माशाच्या कानात चुन्याचा छोटा खडा असतो. खाताना दाताखाली आला की आपण तो थुंकून टाकतो. 1971 साली पॅनेला नावाच्या संशोधकानं दाखवलं की या खड्यावर झाडाच्या खोडासारखी वलयं असतात, फक्त वर्षाची नव्हे तर रोजची. वलयं मोजली की जन्मदिवस निघतो. आणि प्रत्येक वलयात त्या दिवशीच्या पाण्यातले धातू अडकलेले असतात: समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम जास्त, नदीच्या पाण्यात बेरियम. मोठ्या माशाचा खडा कापून वाचला की तो कितव्या दिवशी खाडीत शिरला आणि किती काळ राहिला, हे कळतं.

सगळेच मासे या वाटेनं येत नाहीत. पुलसा, म्हणजे हिलसा, पावसाळ्यात समुद्रातून गोदावरीत चढतो, अंडी नदीत घालतो आणि त्याची पिल्लं वाहत खाली खाडीत येतात. गोदावरी जिल्ह्यांत म्हण आहे की मंगळसूत्र विकावं लागलं तरी पुलसा खावा. त्याचा रस्ता राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला संपतो. आर्थर कॉटन यांनी 1847 ते 1852 या काळात तिथं बंधारा बांधला. त्या बंधाऱ्यानं दुष्काळी मुलखाचं भाताचं कोठार केलं, आणि तिथले शेतकरी आजही कॉटनसाहेबांच्या पुतळ्याला हार घालतात. ते चुकीचं नाही. पण उन्हाळ्यात त्या बांधाखाली गोडं पाणी जवळजवळ उतरतच नाही, हेही त्याच कामाचं दुसरं टोक.

हीच कथा कोकणात आहे, प्रमाण लहान. पेण-अलिबागकडे खारपट्ट्यातले शेतकरी पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिल्लं धरून गावतळ्यात सोडत आले आहेत. मुंबई-पालघरकडे डोल जाळी लावतात ती नेमकी भरती-ओहोटीच्या धारेत, म्हणजे पिल्लं ज्या वाटेनं येतात त्याच वाटेवर. बोंबील आणि जवळ्याबरोबर इतर माशांची बारकी पिल्लंही तिच्यात शिरतात. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै, पूर्वेला 15 एप्रिल ते 14 जून अशी 61 दिवसांची यांत्रिक मासेमारीबंदी असते. महाराष्ट्रानं 2012 मध्ये कांदळवन कक्ष काढला, 2023 मध्ये पन्नासहून अधिक माशांसाठी किमान आकार ठरवला. हे सगळं हवंच. मात्र बंदी फक्त होडीला आवरते. खाडीत भराव टाकणाऱ्या डंपरला ती लागू नाही, आणि धरणाच्या दारांनाही नाही.

योगायोग असा की या समुद्रावर नजर ठेवणारी संस्था आमच्याच शहरात आहे. निजामपेटजवळच्या प्रगतीनगरमध्ये, भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे इनकॉइस. 1999 साली स्थापना झाली. 2007 पासून त्सुनामीचा इशाराही तिथूनच निघतो. उपग्रहानं टिपलेलं पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा पाहून मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे, हे मच्छीमारांना मराठीसह किनाऱ्यावरच्या भाषांत कळवलं जातं. प्रवाहांचे अंदाजही तिथं रोज काढले जातात. या अंदाजांमुळे आज जाळ्यात येणारा मासा शोधणं सोपं झालंय. पुढच्या वर्षीचा मासा कांदळवनात शिरेल की नाही, हे उपग्रहाला दिसत नाही. त्यासाठी खाडीच्या तोंडाशी, रात्रीच्या भरतीला, बारीक जाळी घेऊन वर्षानुवर्षं नमुने घ्यावे लागतात. कष्टाचं, कंटाळवाणं, बातमी न होणारं काम.

गोदेकाठच्या मराठवाड्यात आणि इकडे तेलंगणात एक वाक्य प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतं: इतके टीएमसी पाणी समुद्रात वाहून वाया जातं. पैठणच्या जायकवाडीपासून पोचमपाडपर्यंत आणि पुढे, नदीचा प्रत्येक टप्पा या वाक्यावर अडवला गेला. ज्यांच्या शेताला पाणी नाही त्यांनी ते म्हणावं, यात मला काही वावगं वाटत नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्याला कोळंबीची वागणूक सांगणं बरंही नाही. पण वाया हा शब्द हिशेब न करता वापरला जातो. जे पाणी समुद्राला मिळतं ते खाडीचा खालचा प्रवाह चालवतं, कांदळवनाला गाळ देतं आणि पिल्लांना दाराची चव दाखवतं. गाळ अडल्याचा परिणाम मोजलाही गेला आहे: 1976 ते 2000 या काळात गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशानं समुद्राकडची सुमारे 18 चौरस किलोमीटर जमीन गमावली.

गोदावरीच्या पाण्याचं वाटप ठरवायला 1969 मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला आणि 1980 मध्ये त्याचा अंतिम निवाडा आला. महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि आंध्र प्रदेश, प्रत्येकाला त्यात वाटा आहे. कोरिंगाच्या खाडीला नाही.